एव्हरीवन, फुल कंट्रोल

एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप अडला की पडद्यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम एरर 5, ॲक्सेस इज डिनाइड. तिच्यावरचा उपायही आता ठरून गेला आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, 'एव्हरीवन' हे नाव आणि 'फुल कंट्रोल'च्या चौकटीत टिक. बॅकअप होतो, तिकीट बंद होते. त्या टिककडे पुन्हा कोणी पाहत नाही.

एरर गूढ नाही. कोणती फाइल उघडता आली नाही, हे ती पूर्ण मार्गासकट सांगते. चुकतो तो आपला प्रश्न : "मी ॲडमिन आहे, मग मला नकार कसा?" नकार तुम्हाला नाहीच. बॅकअपची आज्ञा तुम्ही देता, पण फाइल लिहिते ती एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि तीही स्वतःच्या खात्याने. इन्स्टन्स डीफॉल्ट असेल आणि खाते बदललेले नसेल, तर त्याचे नाव 'एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएलसर्व्हर'. डोमेनमधल्या दुसऱ्या मशीनच्या शेअरवर बॅकअप जात असेल, तर तिथे हेच खाते कॉम्प्युटरच्या नावाने, शेवटी डॉलरचे चिन्ह लावून पोचते. परवानगी त्याला द्यायची, शेअरवरही आणि फोल्डरवरही. तीही फोल्डरवर 'मॉडिफाय' आणि शेअरवर 'चेंज' एवढीच. 'फुल कंट्रोल'मध्ये इतरांच्या परवानग्या बदलण्याचाही हक्क येतो. बॅकअपला तो लागत नाही.

मग हे सरळ काम टळते का? कारण क्षुल्लक आहे. नावे शोधण्याच्या खिडकीत हे खाते सहजी सापडत नाही. 'लोकेशन' डोमेनवरून त्याच मशीनवर आणावे लागते, नाव अक्षरन् अक्षर हाताने टाइप करावे लागते. 'एव्हरीवन' मात्र लगेच मिळते. दिवसअखेरीचे काम अडलेले, शाखेतून फोनवर फोन. "आत्ता देऊन टाक, नंतर काढू." हे 'नंतर' कोणाच्याही वहीत लिहिलेले नसते.

आणि त्या फोल्डरात असते काय? अख्खा डेटाबेस. पतसंस्था असेल तर सभासदांचे पॅन आणि आधार, कर्जे, थकलेले हप्ते, जामीनदारांचे पत्ते. इस्पितळ असेल तर रुग्णांचे रिपोर्ट. कोणत्या क्लार्कला कोणता तक्ता दिसावा, याचे बारीक नियम डेटाबेसच्या आत काळजीने बांधलेले असतात. बॅकअपची फाइल कॉपी करून दुसरीकडे नेली, की यातला एकही नियम उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट मिळते. ती आपल्या लॅपटॉपवर टाकणारा तिथला सर्वाधिकारी असतो. फाइल रिस्टोअर केली की सगळे तक्ते त्याच्यासमोर. बॅकअप घेतानाच तो एन्क्रिप्ट करण्याची सोय 2014 च्या आवृत्तीपासून आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते. जिथे खात्याचे नाव टाइप करायचा कंटाळा आला, तिथे एवढी तसदी कोणी घेतली असेल, असे मानायला जागा नाही.

वाचणे हा अर्धा धोका झाला. 'एव्हरीवन'ला पुसताही येते. रॅन्समवेअर आत शिरवणारे आधी बॅकअप शोधतात, कारण बॅकअप शाबूत असला तर खंडणी कोण देईल? शेअर असा सताड उघडा असेल, तर त्यांना ॲडमिनचा पासवर्ड चोरण्याचीही गरज नाही. काउंटरवरच्या एखाद्या साध्या लॉगिनने काम होते. ज्या प्रसंगासाठी हा बॅकअप घेतला, त्याच प्रसंगी तो हाती राहत नाही.

हे सारे व्हेंडरच्या गळ्यात घालून संस्थेला मोकळे होता येणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम बाहेर दिले तरी जबाबदारी ज्या संस्थेने लोकांचा डेटा घेतला तिचीच राहते. तरीही संचालकांच्या बैठकीत विचारले जाते ते एवढेच, की बॅकअप रोज होतो ना. होतो. तो वाचू कोण शकतो, हे कोणी विचारत नाही. वास्तविक ते पाहायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. बॅकअप सुरू झाल्याचे इंजिनिअरने सांगितले, की व्यवस्थापकाने त्याच्याकडून त्या फोल्डरचे 'सिक्युरिटी' पान उघडून घ्यावे, फोल्डर शेअर केलेला असेल तर शेअरच्या परवानग्याही पाहाव्यात आणि नावे स्वतः वाचावीत. दोन्हींपैकी कुठेही 'एव्हरीवन' दिसले तर ते आपल्यासमोर काढायला लावावे, सर्व्हिसचे खाते घालून बॅकअप पुन्हा चालवायला सांगावा, आणि मगच कामाच्या कागदावर सही करावी.