गाठ म्हणजे वांझपण नव्हे

चाळिशीकडे झुकलेल्या सुनेच्या सोनोग्राफीत फायब्रॉईड दिसला, की आपल्या घरांतून निकाल लागलेलाच असतो: ‘आता मूल विसर, पिशवी काढून टाक.’ शेजारची खाला हेच सांगते, नणंदही हेच सांगते. मग नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते.

फायब्रॉईड ही जवळजवळ नेहमीच साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. ती कुठे आहे, हे आधी विचारावे. गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. पण ती बहुधा पोट न फाडता दुर्बिणीतून काढता येते आणि गर्भाशय शाबूत राहते. बाहेरच्या बाजूची गाठ सहसा आड येत नाही. वय मात्र थांबत नाही. म्हणून ३५ नंतर ६ महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तावीज-गंड्यांत वर्षे न घालवता डॉक्टर गाठावा. तपासणी नवऱ्याचीही व्हावी. दोष तिच्यातच आहे, हे आधीच कसे ठरले?

दुआ जरूर करावी, सोबत दवाही करावी. आणि पिशवी ठेवायची की काढायची, हे जिची ती आहे तिला विचारून ठरवावे.