तेरीज जुळली, पण...

तुळिंजच्या आमच्या सोसायटीतली एक मुलगी परवा मुलाखतीहून परतली ती पडल्या चेहऱ्यानेच. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने अंधेरी गाठायची आणि दहा मिनिटांत निकाल! काम होते सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे अहवाल तयार करणारी यंत्रणा बांधण्याचे. ‘अलूर येतं? एक्स्टेंट रिपोर्ट्स येतं?’ एवढेच विचारले. तिचा हात बसलेला जेयुनिटवर. ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाली आणि विषय संपला.

मी उभी हयात बँकेत काढली. महिनाअखेरीस तेरीज जुळली, की शाखेत चहा मागवला जाई. पण एकाचे पाचशे रुपये चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले, तरी तेरीज जुळतेच! आमचे एक जुने साहेब नव्या कारकुनाला म्हणत, ‘जुळली ना? छान. आता तिच्यात काय दिसत नाही, ते सांगा.’

चाचणी-अहवालाचेही तसेच. हिरवी खूण म्हणजे जे तपासले ते उत्तीर्ण; जे तपासलेच नाही, त्याबद्दल अहवाल मूग गिळून बसतो. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये खाती नव्या प्रणालीवर नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःच्याच खात्याचे दार बंद झाले. चौकशीत निघाले, की डेटा सेंटर दोन, पण भार पेलण्याची चाचणी झाली होती एकाचीच! डिसेंबर २०२२मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

कंपन्या म्हणतील, शिकवायला वेळ कुणाला आहे? पण अलूर मुक्त स्रोत आहे, आणि जेयुनिटचे निकाल त्याला वाचता येतात. जाणत्या मुलीला ते शिकायला कितीसे दिवस लागणार? जाण मात्र आठवड्यात येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की उमेदवारापुढे एक खराखुरा अहवाल ठेवा. यात कोणती चाचणी गाळली आहे? कोणती आज उत्तीर्ण, उद्या नापास होते? आणि साहेब घाईत असताना ‘आज हे सुरू करू नका’ असे तुम्ही सांगाल का? एवढे विचारा. साधनांची नावे मागाहून.

ती मुलगी पुन्हा मुलाखतीला जाईल. तिला कुणीतरी हे विचारावे. कारण त्या हिरव्या खुणांच्या पलीकडे तुमची ठेव आहे, माझे पेन्शन आहे.