रिफंड हा उपकार नव्हे, तो आपलाच पैसा!

विंचूर आणि पंचक्रोशीतील माता-भगिनींनो, शेतकरी, कामगार, शिक्षक आणि पेन्शनर बांधवांनो,

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य तीनपाटीपासून कांदा मार्केटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. वाक्य खरे आहे, पण अर्धे. उरलेल्या अर्ध्यात आपले पैसे अडकतात.

पूर्ण हिशेब असा. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के कर लागतो. बारा लाखांवर तो ६०,००० रुपये होतो आणि तेवढाच माफ होतो. पगारदार आणि पेन्शनरांना ७५,००० रुपयांची वजावट वेगळी, म्हणून त्यांची मर्यादा पावणेतेरा लाख. शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा विशेष दराचा कर मात्र या माफीत बसत नाही. आणि मुख्य गोष्ट: ही माफी विवरणपत्रातूनच मिळते. करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी रिटर्न भरावाच लागतो.

आता आपल्या घरातले उदाहरण घ्या. कांद्या-द्राक्षाचे चार पैसे आले, ते घरच्या लक्ष्मीच्या नावाने बँकेत ठेवले. वर्षाचे व्याज ६०,००० झाले. व्याज ५०,००० च्या वर गेले (ज्येष्ठांसाठी १ लाख), म्हणून बँकेने १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये कापले. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणजे १२,०००. या माउलीला एक रुपयाही कर लागू नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणेचा फॉर्म दिला असता (आजवरचा १५जी, ज्येष्ठांचा १५एच), तर काहीच कापले गेले नसते. आता मागायचे तर रिटर्न भरायचा.

इथे शेतकऱ्याला दुसरी ठेच लागते. सोपा म्हणून दिलेला 'सहज' फॉर्म शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले की चालत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त, पण ते आहे म्हणून अवघड फॉर्म भरा! पाच हजारांत शेतकऱ्याचे कोणते घर चालते?

बरे, रिटर्न भरला. तो ३० दिवसांत पडताळला नाही तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. सरकारला मात्र त्यावर प्रक्रिया करायला, तो भरला ते आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिने. जुलैअखेर भरलेल्या रिटर्नचा निकाल पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला लागला तरी ते कायदेशीर. म्हणजे सतरा महिने! पुष्कळांचे पैसे लवकर येतात हे खरे. पण ज्याचे अडकतात त्याने बोट कशावर ठेवायचे?

व्याजाचा न्यायही पाहा. आपण कर थकवला तर महिन्याला १ टक्का. सरकारकडे आपला पैसा राहिला तर अर्धा टक्का, आणि तोही आर्थिक वर्ष संपल्यावर १ एप्रिलपासून. जूनमध्ये कापलेली रक्कम मार्चपर्यंत फुकट वापरली जाते. वर त्या व्याजावरही कर! एकाच तराजूला दोन मापे कशी चालतील? आपल्या मार्केटात असे माप कोणी खपवून घेईल का?

एक सावधगिरी. "मोठा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर १४ जुलै २०२५ रोजी देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई झाली. सही तुमची असते, जबाबही तुम्हालाच द्यावा लागतो.

आमच्या मागण्या:
१. रिफंडवर महिन्याला १ टक्का व्याज द्या, आणि तेही कपातीच्या दिवसापासून.
२. पडताळलेल्या रिटर्नचा निकाल ९० दिवसांत लावा. उशीर झाला तर लेखी कारण द्या.
३. 'सहज' फॉर्मसाठी शेती उत्पन्नाची ५,००० ची अट काढा.
४. कपातीआधी बँकांनी ठेवीदाराला मराठीत सूचना द्यावी.

मागून काय मिळते, असे म्हणू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात, मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याचा रिफंडच बुडेल असे कलम होते. लोकसभेच्या निवड समितीने ते काढायला सांगितले आणि ऑगस्टमध्ये ते गेले. बोलले तर कलम बदलते.

तेव्हा या आठवड्यात तीन कामे करा. पॅन-आधार जोडणी तपासा. रिफंडसाठीचे बँक खाते प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर प्रमाणित करा. फॉर्म २६एएस काढून किती कपात झाली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि या मागण्यांवर सही करून हे पत्रक आपल्या खासदारांकडे पाठवा.

आपला हक्क, आपणच मागायचा!

— विंचूरचा एक करदाता