फोन जुना झाला म्हणून टाकायचा का? काय बदलता येतं आणि काय वाढवता येत नाही

विश्लेषण

खरिपात ई-पीक पाहणी करायला शेतकरी बांधावर जातो आणि नेमका तेव्हाच फोन अडतो. अ‍ॅप उघडत नाही, फोटो चढत नाही, नाहीतर ३० टक्के बॅटरी दिसत असतानाच फोन बंद पडतो. पाहणी झाली नाही तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, आणि पुढे भरपाईच्या वेळी खेटे घालावे लागतात. मग प्रश्न येतो, याच फोनचे भाग बदलून भागेल की नवाच घ्यावा?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोनचा बिघडलेला भाग बदलता येतो, पण फोनची ताकद वाढवता येत नाही. कॉम्प्युटरला रॅमची जादा पट्टी बसते, तशी फोनला बसत नाही. प्रोसेसर, रॅम आणि आतली मेमरी मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. ४जी फोनचा ५जी होत नाही तो याचमुळे. जाहिरातीत '८ जीबी + ८ जीबी रॅम' दिसलं तर त्यातली दुसरी ८ जीबी खरी रॅम नसते. ती फोनच्या साठवणुकीतली जागा उसनी घेऊन वापरलेली असते आणि तिचा वेग बराच कमी असतो. त्यामुळे कुणी 'रॅम वाढवून देतो' म्हणालं, तर पैसे देऊ नका.

मग बदलता काय येतं? बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग जॅक, स्पीकर, माईक, कॅमेरा. अट एकच, भाग त्याच मॉडेलचा हवा. बॅटरी तर झिजतेच. साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे रोजच्या वापरात दोन-तीन वर्षं. अशा वेळी नवा फोन घेण्यापेक्षा बॅटरी बदलणं परवडतं. मात्र नव्या बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नका.

मेमरी भरली असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाका. कार्डाची खाच असेल तर फोटो मेमरी कार्डवर हलवा. पण कंपनीने अँड्रॉइडचे अपडेट देणं बंद केलं आणि अ‍ॅपला नवीन अँड्रॉइड लागत असेल, तर कुठलाही भाग बदलून उपयोग नाही.

खरी अडचण इथेच आहे. फोन चांगला असतो, पण सुटा भाग मिळत नाही किंवा डिस्प्लेची किंमत अर्ध्या फोनाएवढी सांगतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला. त्यानुसार नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. मोबाईलसोबत शेतीची अवजारंही त्यात आहेत. पुढे दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. कोणता फोन दुरुस्तीला किती सोपा, याचे गुण ग्राहकाला खरेदीआधीच दिसावेत, अशी त्यात शिफारस आहे. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून खबरदारी आपणच घ्यायची. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढंच विचारू नका. बॅटरी आणि डिस्प्ले बदलायला किती लागतील, सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल असेल तर तक्रारीत वजन येतं.