इंजिनाचा रुसवा काठावरच काढा

पवना धरणाच्या काठी जेट स्की बाळगणाऱ्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी आहे. त्यातही उभ्यानं चालवायची, एकट्याची, टू-स्ट्रोक इंजिनाची जुनी गाडी ज्यांनी अलिबागहून नाहीतर गोव्याहून सेकंडहँड घेतली आणि टेम्पोत घालून घाटावर आणली, त्यांच्यासाठी. विकणाऱ्यानं सांगितलं असेल, "बाकी एक नंबर आहे, फक्त कधीकधी बंद पडते." मला त्या 'कधीकधी'बद्दल बोलायचं आहे.

मोटरसायकल रस्त्यात बंद पडली तर ढकलत कामशेत गाठता येतं. धरणाच्या मध्यावर ढकलायला पायाखाली जमीन नसते. दुपारनंतर वारा सुटला की हलकी गाडी भलत्याच काठाकडे वाहत जाते आणि वरचा माणूस घाबरतो. म्हणून माझं सांगणं एवढंच की बंद पडण्याचं कारण सापडेपर्यंत ती गाडी खोल पाण्यात न्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या हातात तर द्यायचीच नाही.

एका दिवाळीनंतर ठाकूरसाईच्या बाजूला एका पोराच्या शेडमध्ये अशीच गाडी पाहिली. पाच-सात मिनिटं झकास चालायची, मग गुदमरल्यासारखी व्हायची आणि बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू. पोरानं प्लग बदलले, बॅटरी नवी घेतली, कार्ब्युरेटर दोनदा धुऊन आणला. खिसा रिकामा झाला, दुखणं तसंच. मी म्हटलं, "आता बंद पडली की काही करू नकोस, फक्त टाकीचं झाकण उघड." त्यानं उघडलं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. त्यानंतर गाडी पहिल्या बटणाला सुरू.

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी एक बारीक नळी आणि एकमार्गी झडप असते. गाडी पावसाळाभर शेडमध्ये पडून होती, तेवढ्यात त्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. हवा यायची बंद झाली, म्हणून पेट्रोलही यायचं थांबलं. दुरुस्तीला लागली एक तार आणि चहा होईपर्यंतचा वेळ.

पोराचं चुकलं ते एवढंच, की दुकानात जे मिळतं ते त्यानं बदललं. गाडी नेमकी केव्हा बंद पडते हे पाहिलं नाही. निदान त्या 'केव्हा'मध्येच असतं, म्हणून त्याची नोंद ठेवावी. लोणावळ्याच्या डोंगरात नौदलाची आयएनएस शिवाजी ही प्रशिक्षण संस्था आहे. १९४५ पासून तिथं जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण दिलं जातं. जहाजावरच्या इंजिनाची नोंदवही असते: किती तास चाललं, किती तापलं, काय बदललं. आपली गाडी छोटी, म्हणून आपली वहीही छोटी चालेल. बंद पडली की लिहा: थंड होती की तापलेली? हळू चालताना की पूर्ण वेगात? टाकी किती भरलेली? आधी उलटली होती का? चार-पाच नोंदी झाल्या की वहीच बोलायला लागते.

आता तपासणीचा क्रम. आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग कॉम्प्रेशन. स्वस्तातून महागाकडे जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर कशानं सुरू झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मावळात पहिला संशय पेट्रोलवरच घ्यावा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि गाडी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओलसर शेडमध्ये उभी असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. वर पेट्रोल असलं तरी इंजिन ओढतं ते तळातलं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे इथेनॉलनं नरम पडतात. म्हणून दसऱ्याला गाडी बाहेर काढली की जुनं पेट्रोल आधी पूर्ण काढा. ते काचेच्या बरणीत घेऊन पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर निम्मं निदान झालं. मग फिल्टर, नळ्या आणि इंजिनातून पेट्रोल पंपाकडे जाणारी पल्सची नळी तपासा. तिला केसाएवढी चीर असली तरी पूर्ण वेगात पेट्रोल कमी पडतं. नवं पेट्रोल भरताना टू-स्ट्रोक ऑइल मॅन्युअलमधल्या प्रमाणातच घाला. अंदाजपंचे नको.

समुद्रावरून आणलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट. पवनेचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा थोडी विरळ, त्यामुळे तिथं जुळवलेला कार्ब्युरेटर इथं पेट्रोल किंचित जास्त देतो. एवढ्यानं गाडी बंद पडत नाही, पण प्लग लवकर काळे पडतात. प्लग काढून त्याचं टोक बघायची सवय लावा. फिकट चॉकलेटी असेल तर ठीक. काळं आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरं फटक असेल तर तिथंच थांबा. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. अशा बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. पिस्टन सीझ व्हायला मग वेळ लागत नाही.

ठिणगीचं दुखणं बहुधा तापल्यावर उठतं. गाडी तापली की बंद, अर्ध्या तासानं गार झाली की चालू. वरवर हे त्या पोराच्या गाडीसारखंच दिसतं. फरक ओळखायचा तो असा: बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. तरी सुरू झाली नाही, तर तिथल्या तिथं ठिणगी तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिककडे नेली तर ठिणगी छान दिसणार आणि तो म्हणणार, "काहीच प्रॉब्लेम नाही." कॉइल किंवा सीडीआय तापल्यावर दगा देत असेल, तर ते तापलेलं असतानाच पकडावं लागतं. विजेच्या डब्याचं रबर दबलेलं नाही ना, आत ओल नाही ना, हेही पाहा.

पण ठिणगी तपासण्याआधी इंजिनावरचं झाकण उघडून निदान पाच मिनिटं हवा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती गाडीच्या बंद पोटात तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीनं पेट घेते. रोज गाडी सुरू करतानाही हाच नियम.

पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक, तरीही जोर नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडून दोन्ही सिलिंडरचे आकडे घ्या. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर प्लग आणि कार्ब्युरेटरवर आणखी पैसे घालू नका. इंजिन उघडायची वेळ आली आहे.

पाणी हे या इंजिनाचं औषधही आहे आणि विषही. थंड करणारं पाणी बाहेर पडतं ती बारीक धार चालू आहे ना, हे दर फेरीला बघा. समुद्रावरच्या गाडीत मीठ आणि वाळू बसून ही वाट अरुंद झालेली असते. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर पाणी ओढणाऱ्या जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा दोरी अडकलेली असू शकते. इंजिन पूर्ण बंद करून, मनगटाची लॅनयार्ड दोरी काढूनच हात घाला. काठावर पाइप लावून धुताना आधी इंजिन सुरू, मग पाणी. संपवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. उलटलेली गाडीही स्टिकरवर दाखवलेल्या दिशेनंच सरळ करा. आत पाणी गेल्याची शंका असेल तर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी कुठं घ्यायची, हेही ठरवा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीचा ताबा सुटला आणि ती घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. माणसं गेली. प्रशिक्षित लोकांच्या हातून हे होऊ शकतं, तर आपण कोण? चाचणी गर्दी नसलेल्या दिवशी, काठाजवळ, पोहणाऱ्यांपासून लांब घ्या. अंगात लाइफ जॅकेट, मनगटाला लॅनयार्ड, आणि थ्रॉटल सोडला की झटकन परत येतो याची आधी खात्री.

आणि हे पाणी कुणाचं, हेही विसरू नका. पवनेचं पाणी नदीतून रावेतला जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरात पोचतं. काढलेलं जुनं पेट्रोल, ऑइल धरणात किंवा काठावर ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं. इंजिनावर चालणाऱ्या बोटींना २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि धरणाच्या पाण्यात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी. कागद नसतील तर गाडी कितीही चांगली चालू द्या, शेडमध्येच बरी.

इतकं करूनही मध्यावर बंद पडलीच, तर गाडी सोडून पोहत काठ गाठायला जाऊ नका. गाडी तरंगते, माणूस दमतो. तिला धरून राहा, शिट्टी वाजवा, पाणी न लागणाऱ्या पिशवीतल्या फोनवरून ११२ लावा.

पर्यटकांनाही एक विनंती. जेट स्कीवर चढण्याआधी वही बघायला मागा आणि शेवटची बंद कधी पडली होती, हे विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्याकडेच पैसे द्या.

त्या पोरानं आता शेडच्या दाराला एक पाटी टांगली आहे. एका बाजूला 'चालू', दुसऱ्या बाजूला 'आज गाडी बंद आहे'. शनिवारी दुपारी रांग लागलेली असताना ती पाटी उलटी करणं जड जातं, असं तो म्हणतो. जातंच. तुम्हीही एक करून घ्या, आणि गरज पडेल तेव्हा उलटी करा.