विकतचा रणगाडा

गेल्या वर्षी आमच्या शाळेत हस्तकला व विज्ञान यांचे जे प्रदर्शन भरले होते, त्याच्या परीक्षक मंडळात प्रस्तुत लेखकही होता. त्या प्रसंगी मी दिलेला एक निर्णय चुकला, असे आज मला निश्चितपणे वाटते. चूक चारचौघांत झाली, तेव्हा तिची कबुलीही चारचौघांतच द्यावी, ह्या हेतूने वार्षिकाची ही पाने मी संपादकांकडून मागून घेतली आहेत. मात्र केवळ कबुली देऊन थांबण्याचा माझा विचार नाही. ‘स्वतः केलेली वस्तू’ कशाला म्हणावे, ह्याविषयी आपल्या शाळांतून जी एक समजूत रूढ झाली आहे, ती मला आता मान्य नाही, हे सांगावयाचे आहे.

प्रसंग असा. थर्माकोलची धरणे, कडधान्यांचे गणपती आणि पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या यांच्या रांगेत नववीतील एका विद्यार्थ्याने वीतभर लांबीचा एक रणगाडा मांडला होता. रंग उडालेले कोपरे, पट्ट्यांत अडकलेली सुकी माती, बुरुजावर दोरीने बांधलेली गुंडाळी. पाहणाऱ्याने दोन पावले मागे सरून पाहावे असे ते काम होते. समोरच्या पाटीवर लिहिले होते : ‘भारतीय सैन्याचा टी-५५ रणगाडा, १९७१. प्रमाण १:३५’. मी विचारले, “हे तू स्वतः केलेस?” तो म्हणाला, “सर, सुट्या भागांची पेटी नागपूरहून विकत आणली. तोफेची नळी दुसऱ्या संचातली आहे, तीही विकतची. जोडणी, बदल आणि रंग माझा.” आमच्या नियमपत्रकात ‘विकत आणलेल्या वस्तू स्पर्धेसाठी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत’ असे स्पष्ट वाक्य होते. मी त्याच्या नावापुढे फुली मारली. “आयत्या बिळावर नागोबा!” असे आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सारे हसलो. तो मुलगाही हसला. त्याचे ते हसणे आज मला अधिक बोचते.

ज्यांनी अशी पेटी कधी उघडली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. पेटीत रणगाडा नसतो. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकच्या चौकटी असतात, आणि झाडाला फळे लागावीत तसे शेकडो लहान-मोठे भाग त्यांना लागलेले असतात. ते एकेक कापावयाचे, कापल्याची खूण घासून काढावयाची, आणि आकृती पाहून जोडावयाचे. ह्या प्लास्टिकसाठी जो द्रव वापरतात, तो खरोखर डिंक नव्हेच. तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो आणि त्या एकमेकींत मिसळून एकजीव होतात. लोहार दोन तापलेले तुकडे ठोकून एक करतो, तसा हा प्रकार. पुष्कळदा तोफेची नळी दोन उभ्या अर्धुकांत येते. ती जोडल्यावर राहिलेली शीण कानशीने काढावयाची, पण गोल नळी चपटी होऊ द्यावयाची नाही. हे एवढेच काम ज्याने एकदा केले, तो पुन्हा ‘आयते’ हा शब्द वापरताना विचार करील.

१:३५ हे प्रमाण मोठे विचित्र आहे. १:१० नाही, १:५० नाही, मग ३५ कोठून आले? जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तिचा आकार ठरला, आणि मागाहून मोजता तो सुमारे पस्तिसावा भाग निघाला. पुढे जगभर तोच पायंडा पडला! टी-५५ ची खरी रुंदी ३.२७ मीटर, प्रतिकृतीत ती ९.३ सेंटिमीटर होते. येथवर भागाकार सरळ आहे. पण वजनाचे काय? खरा रणगाडा सुमारे ३६ टनांचा. तो तसाच्या तसा, पोलादासकट, पस्तीसपट लहान केला, तर पुष्कळ मुले ३६ टनांना ३५ ने भागतात आणि एका टनावर येऊन थांबतात. वास्तविक लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही लहान होतात. म्हणून ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे ८४० ग्रॅम. घनाचा अर्थ फळ्यावर वर्षभर सांगून जो उतरत नाही, तो अशा वेळी तळहातावर येऊन बसतो.

आता रूपांतर-संचाविषयी. मोठ्या कंपन्या ज्या रणगाड्यांना जगभर गिऱ्हाईक आहे, तेच काढतात. जर्मन ‘टायगर’ त्यांच्याकडे वाटेल तेवढे मिळतील. परंतु एकच रणगाडा निरनिराळ्या देशांच्या सैन्यांत गेला की तेथे त्याचे रूप बदलते. असे बदललेले भाग काही लहान कारखाने रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम राळेत, रबराच्या साच्यांतून थोड्या संख्येने ओततात. ही राळ मूळ पेटीच्या द्रवाने विरघळत नाही. तिला सायनोॲक्रिलेटचा झटपट चिकटणारा डिंक लागतो. लांब नळी ओतताना वाकलेली असली, तर गरम पाण्यात धरून सरळ करावी लागते. आणि ही राळ घासताना तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून पॉलिश पेपर ओला करून घासावे व नाकातोंडावर पट्टी बांधावी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घरोघरच्या आयांना ते ठाऊक असणे बरे.

आमच्या विद्यार्थ्याने घेतलेला संच मुळात इस्रायली रणगाड्यासाठी होता. इस्रायलने अरब सैन्यांकडून जिंकून घेतलेल्या टी-५४ व टी-५५ रणगाड्यांवर स्वतःची १०५ मिलिमीटरची तोफ चढविली होती. भारतानेही आपल्या टी-५५ वरील मूळची १०० मिलिमीटरची रशियन तोफ काढून पुढे १०५ मिलिमीटरची तोफ बसविली. तेव्हा संचातील नळी तेवढी त्याने घेतली आणि इस्रायली पेट्या व फळ्या बाजूस ठेवल्या. हा विवेक त्याने केला होता. आम्ही मात्र त्याला त्याविषयी एक अक्षर विचारले नाही.

फुली मारून घरी आलो. पुढे श्रावणी अमावास्येला पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पैनगंगेपलीकडच्या विदर्भातली ही रीत आपल्या आदिलाबादकडील मराठी घरांना परकी नाही. मुले लाकडी नंदी सजवून रांगेत घेऊन उभी होती. कोणी झूल शिवली होती, कोणी शिंगांना बेगड लावली होती, एकाने तर मागे लहानसा नांगरही जोडला होता. बक्षिसे वाटली गेली. ‘बैल तू कोरलास का?’ असे तेथे कोणी कोणास विचारले नाही. नंदी बाजारातला किंवा आजोबांच्या वेळचा असतो, हे सर्वांस ठाऊक असते. पाहावयाचे ते त्याला काय केले हे. तेथे उभा असतानाच मला त्या फुलीची प्रथम आठवण झाली.

निर्मलच्या खेळण्यांचेही असेच नाही का? २०१६ साली निर्मल आपल्या जिल्ह्यातून वेगळे झाले, तरी ते आपल्याला दूरचे वाटत नाही. एके काळी तोफा ओतणारे हे गाव पोनिकीच्या हलक्या लाकडाच्या खेळण्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे. तेथील नकाश कारागीर खेळण्याचे अवयव वेगवेगळे कोरतात, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवितात आणि मग रंग देतात. झाड त्यांनी लावलेले नसते. परंतु फळ हुबेहूब फळासारखे दिसले की नाही, हेच आपण पाहतो.

असो. दिवाळीच्या सुटीनंतर तो विद्यार्थी एके दिवशी माझ्याकडे आला. हातात पाटी आणि एका छायाचित्राची प्रत. म्हणाला, “सर, माझी पाटी चुकली होती.” मला वाटले, फुलीविषयी काही बोलणार. पण त्याची तक्रार स्वतःविषयीच होती. १९७१ च्या युद्धातील एका भारतीय टी-५५ चे छायाचित्र त्याने आधी पाहिले होते. त्यात नळीच्या मध्यावर एक फुगवटा दिसत होता. १०५ मिलिमीटरच्या तोफेला बार उडाल्यावरचा धूर खेचून घेणारे नळकांडे मध्याजवळच असते. म्हणून ती तोफ १०५ ची, असे त्याने ठरविले, आणि त्यासाठी पैसे साठवून तो संच मागविला. पुढे दुसरे, अधिक स्पष्ट छायाचित्र हाती आले. त्यात नळीवर दोन फुगवटे होते : एक मध्यावर आणि एक अगदी तोंडाशी. तोंडाशी धुराचे नळकांडे असते ते १०० मिलिमीटरच्या मूळ रशियन तोफेला. मग मधला फुगवटा कसला?

उत्तर त्याने एका इंग्रजी पुस्तकातून शोधून काढले होते. पाकिस्तानकडे चीनमध्ये बनलेले टाइप-५९ रणगाडे होते, आणि ते ह्याच रशियन रणगाड्याची नक्कल होते. धुळीत, धुरात, हजार-दोन हजार मीटरांवरून आपला कोणता आणि शत्रूचा कोणता, हे ओळखणे कठीण. म्हणून आपल्या सैनिकांनी नळीच्या मध्यावर एक खोटे नळकांडे बसविले. त्याला काही काम नव्हते. आपल्याच माणसांनी आपल्यावर तोफ डागू नये, एवढ्यासाठी ती खूण होती. १९७१ साली छांबच्या रणभूमीवर दख्खन घोडदळ हे असलेच रशियन रणगाडे घेऊन उभे होते आणि समोर टाइप-५९ होते. ह्या घोडदळाचे मूळ निजामाच्या मुलखातील हैदराबाद कंटिंजंटमध्ये आहे, आणि आदिलाबाद तेव्हा त्याच मुलखाचा भाग होता, हे वाचकांस सांगावयास नको.

“म्हणजे सर,” तो म्हणाला, “माझ्या रणगाड्याला १९७१ नंतरची तोफ आहे. पाटी तरी खोडली पाहिजे, नाहीतर नळी तरी काढली पाहिजे.”

आम्ही तिघे परीक्षक होतो. तिघांपैकी कोणालाही ही चूक दिसली नव्हती. दिसणार तरी कशी? वस्तू विकतची की घरची, एवढाच प्रश्न आम्ही विचारला. ती खरी आहे का, हा प्रश्न आमच्या नियमपत्रकात नव्हता. मी इतिहास शिकवितो, म्हणून मला ह्याची लाज अधिक.

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला पैशाचा. विकतच्या पेट्यांना मुभा दिली, तर ज्याच्या घरी पैसा त्याचे बक्षीस, असे होईल. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. रूपांतर-संच कित्येकदा मूळ पेटीइतका महाग पडतो, आणि आपल्या शाळेतील बहुतेक घरांना दोन्ही परवडणार नाहीत. परंतु ह्याच प्रसंगात काय घडले ते पाहा. महागाचा संच चुकीचा ठरला, आणि योग्य रूपांतर कागदाच्या एका पट्टीने झाले. मूळ पेटीतील १०० मिलिमीटरची नळी त्याने चौकटीवरून तोडलीही नव्हती. ती आता बाहेर काढली. खऱ्या चाकाचा व्यास ८१० मिलिमीटर. छायाचित्रात चाक आणि मधले नळकांडे दोन्ही मोजून त्याने त्रैराशिक मांडले, आणि आलेल्या जाडीपर्यंत वहीच्या कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळली, डिंकात भिजविली, सुकल्यावर घासली. राळेची नळी उपटताना बुरुजाचा थोडा टवका निघाला, तोही भरला. आज जवळ जाऊन पाहिले तरी कागद कळत नाही. परीक्षकाला हे गुण द्यावयाचे असतील, तर बिलाची पावती पाहण्याची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत ऐकला : मुलांच्या हाती युद्धाची साधने का द्यावीत? बंदुका घेऊन ‘ठो ठो’ करणारी मुले मलाही आवडत नाहीत. पण ह्या मुलाने तीन महिने जिचा माग काढला, ती वस्तू म्हणजे माणसाने माणसाला चुकून मारू नये म्हणून चढविलेला एक पोकळ डबा होता. युद्धाविषयी माझ्या इतिहासाच्या तासाला तो जे शिकला, त्याहून हे अधिक आहे, असे मी प्रांजळपणे म्हणेन.

ह्या वर्षीच्या नियमपत्रकातील ते वाक्य काढून त्या जागी ‘वस्तूत विकत काय घेतले, कोणता बदल केला आणि तो कशाच्या आधारे केला, हे स्पर्धकाने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे’ असे घालावे, ही सूचना मी प्रदर्शन समितीपुढे ठेवली आहे. निर्णय अद्याप झालेला नाही. अहिल्यानगर येथे सैन्याच्या चिलखती दलाने १९९४ साली उभारलेल्या रणगाडा संग्रहालयास सहल न्यावी, अशीही एक सूचना त्यास जोडली आहे. ती अंतर आणि खर्च पाहून बारगळेल, असे दिसते. त्या विद्यार्थ्याची पाटी मात्र आता बरोबर आहे. राळेची ती नळी त्याने कंपासपेटीत जपून ठेवली आहे. पुढेमागे नंतरच्या काळातला रणगाडा करावयाचा म्हणतो, आणि त्यासाठी दुसऱ्या पेटीचे पैसे साठवीत आहे.