आमच्या तालुक्याला टीम का नाही?

‘एका टीमपायी घरात वाद? किती बालिश!’ हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. म्हणणारा बहुतेक वेळा बार्सिलोनाचा टी-शर्ट घालून आलेला असतो, हा भाग वेगळा. मुद्दा असा मांडला जातो की बापाची टीम ती आपली टीम हा प्रकार अडाणीपणाचा आहे, असल्या निष्ठांनी घरं फुटतात, शिकल्या-सवरलेल्या माणसाने यातून बाहेर पडावं.

मला हे साफ नामंजूर आहे. आणि हे मी बारामतीचा म्हणून सांगतोय. (बारामती म्हटल्यावर तुमच्या डोक्यात पुढे काय आलं ते मला कळलं. जरा थांबा, येतोच तिथे.)

आधी कोल्हापूर. माझी सासुरवाडी मंगळवार पेठेत. कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिथे टीम पेठेची असते, आणि तिचं नावही बहुधा तालमीचं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीसाठी बांधलेल्या तालमींनी फुटबॉल कधी उचललं आणि एवढं कसं उचललं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात, आणि मोठा सामना असला की पेठांमधली दुकानं लवकर बंद होतात. नायजेरियातून आलेले खेळाडू या तालमींकडून खेळून गेलेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. तर हे असं गाव.

सासरे पाटाकडीलचे. सासूबाईंचं माहेर शिवाजी पेठेत, म्हणून त्या खंडोबाच्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्या अजून खंडोबाच्याच आहेत. आता हे नीट बघा. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, कुलदैवत बदलतं, पूर्वी तर नावसुद्धा बदलायचे. आमटीत गूळ किती घालायचा हेही सासरच ठरवतं. त्या घरात सासूबाईंचं सगळं बदललं, टीम सोडून. आणि ती बदलायला कोणी सांगितलंही नाही! ‘तिची टीम ती’, एवढंच. धाकट्या मेहुण्याला लहानपणी मामाने खांद्यावर बसवून मैदानावर नेलं, तो खंडोबाचा झाला. थोरला बापाबरोबर गेला, तो पाटाकडीलचा. म्हणजे ज्या समाजात शेत, घर आणि गोत्र सगळं बापाकडून येतं, तिथे आईकडून काहीतरी हक्काने उतरतं, ते हे. पाटाकडील-खंडोबा सामना असेल त्या संध्याकाळी सासूबाई चहा देतात, पण कप जरा जोरात ठेवतात. हरलेल्या बाजूला दोन दिवस टोमणे. मग पुढचा सामना येतो.

कोल्हापुरात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही. समर्थकांची हाणामारी झालीय, दगडफेक झालीय, पोलिसांना मध्ये पडून सामने थांबवावे लागलेत. त्याचं कौतुक करणारे माझ्या दृष्टीने मूर्ख आहेत. पण त्या मारामारीतून घरी आल्यावर भावाने भावाचं पाणी तोडलं, असं मी तिथे एकदाही ऐकलेलं नाही.

पाणी तोडण्याचं आमच्याकडे ऐकायला मिळतं.

आता बारामती-इंदापूर. आमच्याकडे तालुक्याची टीम नाही, तालुक्याचा गट असतो. तोही जन्माने मिळतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापुरात कर्मयोगी आणि नीरा-भीमा. कारखान्याची निवडणूक लागली की पॅनेल पडतात, आणि कुठलं घर कुठल्या पॅनेलचं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. फरक काय? इथे हरलं की टोमण्यांवर भागत नाही. उसाला तोड कधी येणार, टोळी आधी कोणाच्या वावरात शिरणार, चिटबॉय फोन उचलणार की नाही, हे सगळं त्या निकालाला टांगलेलं असतं, निदान गावात प्रत्येक जण तसं धरूनच चालतो. एका कारखान्याच्या निवडणुकीत (नाव घेत नाही) वडील एका पॅनेलबरोबर राहिले आणि चुलते दुसऱ्या. चुलत्यांचा ऊस जानेवारीत गेला. आमच्या उसाला तुरा येऊन गेला, वजन घटलं, तोड आली एप्रिलात. शिवारं शेजारी शेजारी, बांध एकच. त्या वर्षापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. आजीच्या दहाव्यालासुद्धा नदीवर वेगवेगळ्या गाड्यांतून गेले.

आणि लग्नाचं? ‘मुलगी चांगली आहे हो, पण माणसं त्या गटाची.’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आमच्याकडे सुनेने माहेरचा गट सोडायचा असतो. निवडणुकीच्या दिवसांत ती माहेरी जरा जास्त फोन करायला लागली तरी घरात कुजबूज. सासूबाईंची खंडोबा तालीम चाळीस वर्षं टिकली, इथे सुनेचा गट वरातीबरोबर संपतो.

हे फक्त आमच्यासारख्या किरकोळ घरांचं नाही. २०२४ ची लोकसभा आठवा. सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद विरुद्ध भावजय, निकाल सुमारे दीड लाखाच्या फरकाने. सहा महिन्यांत विधानसभा, अजित पवार विरुद्ध युगेंद्र पवार, काका विरुद्ध पुतण्या, लाखभराच्या फरकाने निकाल उलट दिशेला. चॅनेलवाल्यांनी चवीने दाखवलं. पण त्या वर्षी तालुक्यात किती घरांमध्ये जेवणाची पंगत दोनदा बसायला लागली, ते टीव्हीवर आलं नाही. मत कोणाला, हा प्रश्न घराघरात ‘तू कोणाचा?’ असा विचारला गेला.

इंदापूरची गंमत तर अजून वरची. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही विधानसभांना लढत त्याच दोघांत झाली. दत्तात्रय भरणे तिन्ही वेळा घड्याळावर. हर्षवर्धन पाटील पहिल्यांदा हातावर, मग कमळावर, मग तुतारीवर. नेत्याने पक्ष बदलावा की नाही हा माझा आजचा विषय नाही, तो त्यांचा हिशोब. पण समर्थकाचं काय? दहा वर्षांत त्याने गाडीवरचा झेंडा दोनदा बदलला, आणि शेजाऱ्याशी असलेलं वैर तेवढं जपून ठेवलं. कोल्हापुरात खेळाडू येतात-जातात आणि तालीम जागेवर राहते. आमच्याकडे जर्सीच खेळाडूच्या मागून पळते. याला तुम्ही निष्ठा म्हणता? सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आम्ही क्लासवर नाही, ऑब्जेक्टवर निष्ठा ठेवलीय.

आता कोणी म्हणेल, बारामतीला खेळाचं वावडं असेल. छे! या गावच्या शरद पवारांनी मुंबई क्रिकेट असोसिएशन चालवली, २००५ ते २००८ बीसीसीआय चालवलं, २०१० ते २०१२ आयसीसी, म्हणजे अख्ख्या जगाचं क्रिकेट चालवलं. महाराष्ट्र ऑलिंपिक असोसिएशनचं अध्यक्षपद अजित पवारांनी सांभाळलं. गावात बाबासाहेब आंबेडकर स्टेडियम आहे, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामनासुद्धा झाला. मैदान आहे, पैसा आहे, खेळाच्या संघटना कशा चालतात याचं ज्ञान तर विकण्याइतकं आहे. नाही ती टीम. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग निघाली, पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर अशा सहा टीम झाल्या. आम्ही नव्हतो. आणि जे होते त्यांचेही सगळे सामने गहुंज्यालाच. रत्नागिरीच्या टीमला रत्नागिरीकराने टीव्हीवर बघायचं!

फ्रँचायझीवाल्यांचं एकूण असंच असतं. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आली, बालेवाडीला सामने व्हायला लागले, माझ्या एका मित्राने मुलाला पहिल्या सीझनपासून नेलं. २०१९ मध्ये क्लब गुंडाळला, जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. त्या मुलाकडे जर्सी आहे, टीम नाही. पुढे नातवाला काय सांगणार तो?

म्हणून म्हणतो, विकत आणलेली टीम नको. आणि इथे तर मला खरंच राग येतो, कारण ज्या गोष्टीत आम्ही वस्ताद, तीच आम्हाला इथे सुचली नाही. बारामती-इंदापूरकरांनी सहकारात काय काढायचं बाकी ठेवलंय? साखर कारखाने काढले, दूध संघ काढला, पतसंस्था काढल्या, पाणी उपसा योजना काढल्या. शेअर घ्या, सभासद व्हा, मत द्या. कँटीनमधल्या आमच्या मित्राच्या अंगावरचा तो बार्सिलोना क्लब नेमका असाच चालतो. लाखाच्या वर सभासद, ते वर्गणी भरतात आणि मतदानाने अध्यक्ष निवडतात. कॅटलोनियातल्या लोकांना जे जमलं ते माळेगावच्या माणसाला शिकवावं लागेल? उलट तोच त्यांना दोन डावपेच शिकवून येईल!

हो, तिथेही पॅनेल पडतील. पडू देत. क्लबची निवडणूक हरली म्हणून कोणाचा ऊस वावरात वाळत नाही. नीरा-भीमेच्या पट्ट्यातून मुलं निवडा, बारामतीची एक टीम करा, इंदापूरची एक, पन्नासेक किलोमीटरचं तर अंतर. फुटबॉल असो, कबड्डी असो. सामना एकदा इकडे, एकदा तिकडे. बारामतीत दिलेल्या इंदापूरच्या लेकींना त्या दिवशी उघडउघड माहेरच्या बाजूने ओरडता येईल. हे सुख आमच्या आयाबहिणींना अजून मिळालेलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. कोल्हापूरच्या आजोबांनी तिला पाटाकडीलचा टी-शर्ट शिवून घेतला, दोन मापं मोठा, पुढेही होईल म्हणून. लगेच आजीने खंडोबाचा आणला. ती दोन्ही आलटून पालटून घालते आणि दोघांनाही खेळवते, बिलंदर आहे. बारामतीच्या आजोबांनाही नातीला काहीतरी आपलं द्यायचंय. त्यांच्याकडे देण्यासारखा आहे तो कारखान्याचा शेअर. तो आधी माझ्या नावावर करायचा आणि पुढे तिच्या, असं त्यांनी ठरवलंय. शेअरबरोबर दिवाळीची साखर येते, मत येतं, गट येतो आणि चुलत्यांशी अबोलाही येतो. अर्ज भरून त्यांनी मागच्या महिन्यात माझ्या बॅगेत ठेवला. मी अजून सही केलेली नाही.